आवं, जेवून घ्या की

भाकरी करपल्याचा वास आला की उरवडे गावातली ती दुपार आठवते. जमीन विकून आलेले पैसे वडील एका नव्या कंपनीत घालायचं म्हणत होते, पण त्यांचं मन घेत नव्हतं. गेलेल्या माणसाचा आवाज फोनमधून बोलता करायची ती कंपनी. वारलेल्या आईचे जुने व्हॉइस मेसेज आधीच नेलेला कंपनीचा मालक घरी आला आणि त्यानं फोनवर एक वाक्य टाइप केलं. “अहो, जेवून घ्या,” आई बोलली. वडील म्हणाले, “आवाज तिचा हाय, पर ती ‘आवं’ म्हणायची.” त्यानं लगेच बदललं. “आवं, जेवून घ्या की.” “व्हय, आलो,” म्हणत वडील उठून थेट चुलीपाशी गेले. तिथं वहिनी थिजून उभी होती, तव्यावर भाकरी जळत होती. परत येऊन म्हणाले, “पैसं न्हाई घालायचं.” “काका, आता तर बरोबर आलंय!” मालक म्हणाला. “म्हणूनच न्हाई.” आता वडीलही गेले. त्यांचं ते ‘व्हय, आलो’ मालकाच्या त्या फोननंही टिपून घेतलं होतं.