पालकांनी गेटबाहेर थांबावे

मी जासईच्या एका कंटेनर गोदामात कागदपत्रांचं काम करते. कुठल्या कंटेनरमध्ये काय आहे, तो कुठे निघालाय, कस्टमची परवानगी आली का, हे बघत दिवस जातो. हे करता करताच एक प्रश्न डोक्यात शिरला. पूर्वी आपल्या पनवेलच्या खाडीतून काय जात असेल? इथे बंदर होतं, एवढंच ऐकून होते. मग मिठाबद्दल, गलबतांबद्दल मिळेल ते कंपनीच्या बसमध्ये वाचू लागले, आणि एक दिवस नवऱ्याला म्हटलं, "मला इतिहासात एमए करायचंय."

"कर की," तो म्हणाला. "पण बाबांना सांगणार कोण?"

बाबा म्हणजे माझे वडील, बँकेतून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून ते आमच्याकडेच राहतात. दहावीनंतर मला आर्ट्सला जायचं होतं, तेव्हा त्यांनी "आर्ट्स घेऊन करणार काय?" एवढंच विचारलं होतं. मी कॉमर्स घेतलं, आणि बीकॉम झाले. त्यावरून आमचं कधी भांडण झालं नाही. तो विषयच पुन्हा निघाला नाही.

चहाच्या वेळी मी सांगून टाकलं. बाबांनी कप खाली ठेवला.

"बीकॉमवर एमए करता येतं?"

मी शोधून ठेवलं होतं. मुंबईतल्या एका विद्यापीठात शनिवार-रविवारचे वर्ग होते. इतिहास घेऊन बीए झालेल्यांना गुणांवर थेट प्रवेश, बाकीच्यांना प्रवेश परीक्षा. पण त्यांच्या वेबसाइटवर एका ठिकाणी 'कोणत्याही शाखेचा पदवीधर' असं होतं आणि दुसरीकडे 'संबंधित विषयातील पदवी'. फोन कुणी उचलत नव्हतं. "परीक्षा तर देऊ, पुढचं पुढे," मी म्हटलं.

बाबांनी कप पुन्हा उचलला. दुसऱ्या दिवशी मी भाजी निवडत होते, तर ते माझं सरावाचं पुस्तक घेऊन समोर येऊन बसले आणि एकेक प्रश्न विचारायला लागले. मग ते रोजचंच झालं. माझी मुलगी बारावीला, तिच्याही प्रवेश परीक्षा तोंडावर आलेल्या. ती आतून ओरडायची, "आजोबा, हळू!" पण आजोबा रंगात आलेले असायचे. "हे सातवाहन भलतेच व्यापारी होते गं," एकदा ते म्हणाले, जणू सातवाहन राजे कालच त्यांच्या बँकेत खातं उघडून गेले होते.

परीक्षेचं केंद्र नवीन पनवेलच्या एका कॉलेजात आलं. बाबा हट्टाने बरोबर आले. गेटवर पोरापोरींची रांग, आणि त्यात मी. सिक्युरिटीवाल्याने मला हात आडवा केला.

"ताई, पालकांनी गेटबाहेर थांबायचं."

"पालक हे आहेत," मी बाबांकडे बोट दाखवलं. "परीक्षा माझी आहे."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाबांच्या पांढऱ्या केसांकडे. मग हसला, स्वतःची खुर्ची उचलून सावलीत ठेवली आणि म्हणाला, "बसा काका. पोरगी येईल पेपर देऊन." त्या 'पोरगी'ने माझी अर्धी भीती पळाली.

मी पास झाले. पण खरा घोर विद्यापीठात कागदपत्रं तपासायच्या दिवशी लागला. त्याही दिवशी बाबा बरोबर होतेच. खिडकीमागच्या बाईंनी माझं पदवीचं प्रमाणपत्र उलटसुलट केलं.

"बीकॉम? मॅडम, इतिहासाला बीए लागतं."

मी म्हटलं, "अहो, पण मी परीक्षा पास झालेय." तेवढ्यात बाबा पुढे झाले आणि खिडकीशी वाकून म्हणाले, "हिला आर्ट्सलाच जायचं होतं हो. मी जाऊ दिलं नाही. यात हिची काही चूक नाही."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि तेही परक्या बाईंना सांगितलेलं.

त्या बाई गडबडल्या. "थांबा, मी विचारून येते," म्हणत आत गेल्या. आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे राहिलो. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. थोड्या वेळाने विभागप्रमुख स्वतः बाहेर आल्या.

"बीकॉम तुम्हीच का? अहो, बाकीच्या शाखांसाठीच तर ती परीक्षा आहे. पास झालात म्हणजे झालं. वेबसाइटवरची ती जुनी ओळ काढायला सांगून सांगून मी थकले." मग खिडकीकडे वळून म्हणाल्या, "घ्या यांचा प्रवेश."

मी बाबांचा दंड धरला.

"झालं ना?" त्यांनी विचारलं.

"झालं, बाबा."

"नक्की झालं ना?"

"त्यांनी शिक्का मारला. बघा."

परतताना समुद्रावरच्या नव्या पुलावरून जाणारी बस मिळाली. बाबा प्रवासात कधी झोपत नाहीत. ड्रायव्हर नीट चालवतोय ना, यावर त्यांचं सारखं लक्ष असतं. त्या दिवशी पूल लागायच्या आधीच त्यांची मान माझ्या खांद्यावर कलली. उलव्याची बांधकामं, धूळ, क्रेन सगळं मागे पडलं तरी ते जागे झाले नाहीत. पनवेल आलं तेव्हा मला त्यांना हलवून उठवावं लागलं.