बैलांच्या दलालानं केलेली तपासणी

निजामाच्या राजवटीत मी नांदूरघाटच्या शाळेत मास्तर होतो. एकटाच राहायचो. भाकरी थापता येत नसे, म्हणून दोन्ही वेळा नुसता भात खायचो. त्या वर्षी अंगाला अशी खाज सुटली की शिकवताना माझा एक हात फळ्यावर, तर दुसरा पाठीवर असे. हकिमाचा लेप लावला, कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळी केल्या. काही फरक पडला नाही.

बाजाराच्या दिवशी मी एका बाभळीला पाठ घासत होतो. बैलांचा एक दलाल जवळ आला. त्यानं माझी पापणी ओढून पाहिली, जीभ काढायला लावली आणि माझ्याभोवती सावकाश एक फेरी मारली.

"मास्तर, हिरवं काय खाता?"

"काही नाही."

"मग बरुबर हाय. जनावर भिंतीला अंग घासाया लागलं, की आमी आदी गव्हाणीत बघतो."

त्यानं मेथीच्या दोन जुड्या माझ्या हातात कोंबल्या. मी रोज पालेभाजी खाऊ लागलो आणि दीड महिन्यात खाज थांबली. पुढं एका डॉक्टरांनी मला व्हिटॅमिन हा शब्द सांगितला. पण खाज भाजीनंच गेली का, हे त्यांनाही छातीठोकपणे सांगता येईना.

बरं वाटल्यावर मी दलालाला मुद्दाम भेटलो. त्यानं पाठीवर थाप मारली आणि भर बाजारात ओरडला, "आता कुनी बी इकत घेईल तुमाला!"

त्या परक्या गावात माझी एवढी किंमत कुणीच केली नव्हती.