पाण्याला भ्यालेला पाणबुड्या

उंब्रजमध्ये पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारी दुकानं तीन होती. पण विहिरीत बुडी मारून पंपाचा फुटबॉल सोडवणारा माणूस एकच, वजीर मुजावर. पाइपाच्या बुडाला जो जाळीचा व्हॉल्व्ह असतो, त्याला तिकडं सगळे फुटबॉल म्हणतात. त्यात गाळ, पाला अडकला की पंप हवा ओढायला लागतो, आणि शेतकरी वजीरच्या दुकानापुढं येऊन उभा राहतो.

वजीर चाळिशीचा, हडकुळा, छातीनं मात्र भरलेला. तारळी नदीच्या डोहात लहानपणापासून पोहलेला. कमरेला करवतीचं पातं खोचायचा, पाइप धरायचा आणि तीस-तीस फूट पाण्यात सरळ तळाला जायचा. पोलीसपाटलानं बोलावलं तर बुडालेलं माणूसही काढून द्यायचा, आणि घरी येऊन निवांत जेवायचा. "पाण्यात डोळ्याचं काय काम? हात बघत्यात," असं तो म्हणायचा.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत तो तांब्याची तार आणायला कराडला गेला. तिथं त्याचा मेव्हणा शाहनवाज रेडिओ दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "भावजी, चला, तुमच्या धंद्यातलं पिक्चर लागलंय. इंग्लिश हाय, पण हिंदीत बोलत्यात."

दुपारचा शो होता. समुद्राच्या बुडाला लोखंडाचं घर बांधून शास्त्रज्ञ मंडळी राहत होती. तिथल्या खडकाच्या भेगेतून काहीतरी वर आलं. त्याला ना तोंड, ना डोळे. पाण्यातलं पाणीच, फक्त थोडं दाट. शाहनवाज शेंगा फोडत हसत होता. वजीरलाही आधी हसू आलं. मग काचेचं टोपडं घातलेला एक पाणबुड्या एकटाच खाली राहिला. त्याची हवेची नळी कशाततरी आवळली गेली. त्यानं मान वर केली. पार वर, पांढुरका, वाटीएवढा उजेड दिसत होता. आणि त्या उजेडावर हळूहळू काहीतरी येऊन बसलं. उजेड विझला.

ते जनावर खोटं आहे, हे वजीरला कळत होतं. पण तो वाटीएवढा उजेड खोटा नव्हता. विहिरीच्या तळातून वर बघितलं की तो तसाच दिसतो. हजार वेळा त्यानं तो बघितला होता, आणि त्यावर काही येऊन बसेल असं एकदाही मनात आलं नव्हतं.

चार दिवसांनी नदीकाठच्या एका मळ्यात तो बुडीला गेला. दोन पुरुष पाण्यापर्यंत सगळं ठीक होतं. मग पोटरीला काहीतरी गार, मऊ लागलं. शेवाळच असणार. पण वजीरनं तोंड उघडलं, नाकातोंडात पाणी गेलं आणि तो धडपडत वर आला. लोकांना त्यानं सांगितलं, "कान ठणाकतोय."

पुढं तेच कारण चाललं. घरी बायको दिलशाद कानात तेल घालायला बसली, तेव्हा त्यानं तिचा हात बाजूला केला. "कानाला काय न्हाई झालं. मला भ्या वाटतंय."

"कशाचं?"

त्यानं सांगितलं. दिलशाद हसली नाही. "मग जाऊ नगा. मोटारीवर भागतंय की आपलं," एवढंच म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात गावातले शेतकरी नानासो आले. त्यांच्या विहिरीवरचा पंप फुटबॉल तुंबून बंद पडला होता आणि गहू ऐन ओंबीत होता. वजीरनं कानाचं सांगितलं. नानासोंचा धाकटा भाऊ केरबा सोबत होता. तो म्हणाला, "वजीरभाई, तुमी नुसतं काठावर उभं ऱ्हावा. काय करायचं ते सांगा, मी उतरतो. पोहाया येतंय मला."

नाही म्हणायला तोंड उरलं नाही. वजीर गेला. केरबानं धोतरावरच कमरेला जाड दोराचा सोल बांधून घेतला, दुसरं टोक नानासोंनी धरलं. सकाळचे दहा वाजले होते, ऊन विहिरीत अर्ध्यावर आलं होतं. वजीरनं बजावलं, "पाइप सोडू नगंस. दम संपायच्या आधी वर ये."

केरबा गेला. बुडबुडे आले. मग येईनासे झाले. नानासोंनी सोल ओढला, तर तो खुंट्याला बांधल्यासारखा ताठ.

"आरं वजीर, अडकला रं!" नानासोंचा आवाज फाटला.

पाणी काळंशार दिसत होतं. 'मी त्याला पाठवलं,' एवढंच वजीरच्या मनात आलं. त्यानं अंगातला सदराही काढला नाही, उडी टाकली.

खाली जाताना त्यानं डोळे गच्च मिटून घेतले. वर बघायचं नाही, असं स्वतःला बजावत तो पाइप चाचपत खाली सरकला. तळाशी जुन्या पंपाचा लोखंडी सांगाडा पडला होता, त्यात सोलाचा वेढा बसला होता. तेवढ्यात एक मऊ, ढिलं काहीतरी त्याच्या तोंडावर येऊन पसरलं. वजीर आतल्या आत किंचाळला, अर्धा दम तिथंच गेला. हात सुटणार, इतक्यात त्या मऊपणातून पाच बोटं आली आणि त्याचं मनगट आवळून बसली. ते केरबाचं सुटलेलं धोतर होतं आणि ती केरबाची बोटं होती.

कमरेला पातं होतं, सवयीनं खोचलेलं. त्यानं सोल कापला, एका हातानं केरबाला काखेत धरलं आणि तळाला लाथ मारली.

पायऱ्यांवर केरबानं भडाभडा पाणी ओकलं आणि लहान पोरासारखा रडला. त्याच्यापेक्षा जास्त वजीर रडला. नानासोंना वाटलं, थंडीनं कुडकुडतोय. त्यांनी आपलं घोंगडं त्याच्या अंगावर टाकलं.

कान हे निमित्त होतं, हे वजीरनं पुढं सांगून टाकलं. लोकांना वाटलं, आता त्याची भीती मोडली असेल. ती मोडली नाही. वजीर त्यानंतरही बुड्या मारत राहिला, पण फार अडलेल्यासाठीच, आणि केरबा काठावर बसल्याशिवाय कधी उतरला नाही. केरबाही हातातलं काम टाकून यायचा. उतरण्याआधी वजीर पायऱ्यांवर बराच वेळ बसून राहायचा.

एकदा केरबानं विचारलं, "वजीरभाई, इतकं भ्या वाटतंय तर उतरता कशाला?"

वजीर पाण्याकडं बघत म्हणाला, "दुसरा कोण उतरला आन् मी काठावर उभा ऱ्हायलो, तर त्याचं लय भ्या वाटतंय."

मग त्यानं डोळे मिटले आणि पाण्यात पाय सोडले.