वास गेला तेव्हा

लालबागच्या आमच्या चाळीतले शेजारचे काका गिरणीत बॉयलरवर होते. काहीही तोंडात घालण्याआधी ते हुंगतात. गिरण्यांच्या संपात आम्ही सगळे कोकणात गावी गेलो. तिथे गरम पाण्याच्या झऱ्याजवळ जमिनीतल्या वाफेवर वीज करायला बोअर मारत होते. त्यातून येणाऱ्या गॅसमुळे हवेत नासक्या अंड्यांचा वास असायचा. एका सकाळी तो अचानक गेला. झऱ्यावर धुणं धुणाऱ्या आमच्या चाळीतल्या बायकांना बरंच वाटलं. काकांनी तळहातावरची तंबाखू हुंगली. तिलाही वास नव्हता.

"गॅस वाढलाय, नाक मेलंय. तो खाली साचतो, वर चला," काका म्हणाले.

कुणी हलेना. तेव्हा त्यांनी तोंडाने गिरणीचा भोंगा काढला. गिरणगावच्याच बायका त्या, सवयीने उठून चालू लागल्या. मागे राहिलेलं कुत्रं तिथेच आडवं झालं, ते पुन्हा उठलं नाही.

गिरणी पुन्हा उघडली नाही. अजूनही काका चहा हुंगून मान डोलावेपर्यंत आई आपला कप उचलत नाही.