गटाच्या नावावरचे गणवेश

तलासरीच्या डोंगराकडच्या आमच्या पाड्यावर एक महिला बचत गट होता. चौदा बायका, सहा शिलाई मशिनी आणि सचिव मी. सचिव होण्यासाठी माझी लायकी एवढीच, की माझं माहेर डहाणू शहरालगतच्या मसोलीचं, मी दहावी पास, आणि कचेरीत साहेबांसमोर न अडखळता बोलायची. अध्यक्ष होत्या आमच्या मावशी. साठीच्या, भात-नाचणीची शेती सांभाळून शिवणाऱ्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. कागद आला की मी वाचून अर्थ सांगायची आणि त्या अंगठा उठवायच्या.

पालघर जिल्हा नवा होऊन दोनेक वर्षं झाली असतील. सरकारी शाळांच्या गणवेशांचं काम महिला गटांसाठी राखीव निघालं. मोठ्या दुकानदारांना त्यात शिरकाव नाही, अनामत रक्कमही गटांना निम्मीच. अट एकच, कपडे गटातल्या बायकांनीच शिवायचे. तसं स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचं, आणि ते खोटं निघालं तर काम रद्द, गट काळ्या यादीत. ही अट मी नीट वाचली होती. न वाचता सही केली, असं म्हणायची सोय मला नाही.

आम्हाला नऊ शाळा मिळाल्या. सहा मशिनींना दोन झेपल्या असत्या. लहान तोंडी मोठा घास घेतला होता, आणि तो मी एकटीने घेतला होता. जास्तीच्या सात शाळा परत द्यायचं सोडून मी राज्याच्या हद्दीवरच्या अच्छाडच्या नाक्यावर एका ढाब्यात पलीकडच्या कापड व्यापाऱ्याला भेटले.

"बेन, तुमचा फक्त नाव पायजे," तो म्हणाला. "माल रेडी छे. टेम्पो सीधा शाळेत जाणार."

चहा त्यानेच पाजला. नावापोटी तो जे पैसे देणार होता त्यातून गटाला सातवी मशीन घ्यायची, असं मी मनाशी ठरवून टाकलं. म्हणजे सगळं गटाच्या भल्यासाठीच चाललं होतं! घरी येऊन मावशींना आणि बायकांना कागद तसाच वाचून सांगितला, आपल्याला दोन शाळांचं काम मिळालंय. त्यांनी पेढे वाटले. मीही खाल्ला.

मावशींचा शिवण्यात एक हट्ट होता. स्कर्टच्या घेराला खाली चार बोटं माया ठेवायची, म्हणजे तेवढं जास्तीचं कापड आत मुडपायचं. पोरगी वाढली की आईने ते उसवून स्कर्ट लांब करायचा आणि दुसरं वर्ष काढायचं. "पोरगी काय मापाला थांबते का?" त्या म्हणायच्या. शर्टाला बगलेत दुहेरी शिवण. मी घाईघाईत एकेरी मारली, की माझ्यासमोर उसवून कपडा परत माझ्याच मांडीवर टाकायच्या. तेव्हा मला त्यांचा वैताग यायचा.

पुढच्या जूनमध्ये लांबच्या एका शाळेतल्या पोरींच्या आया मुख्याध्यापकांकडे गेल्या. शेजारच्या गावातल्या पोरींचे स्कर्ट उसवून लांब झाले, आमच्या पोरींच्या स्कर्टात बोटभरही कापड कसं नाही? गट तोच ना? मुख्याध्यापकांनी दोन्ही गावांचे कपडे वर पाठवले, आणि डहाणूच्या कचेरीतून आम्हाला सुनावणीला बोलावणं आलं.

जीपमध्ये मी मावशींना एवढंच पढवलं, "साहेब विचारतील, कपडे तुम्हीच शिवले का? हो म्हणायचं."

"आपणच शिवला. नाय कशाला म्हनू?" त्या हसल्या. दोन शाळांपलीकडचं त्यांना काही ठाऊकच नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनात म्हणत मी बाहेर बघत बसले.

साहेबांनी विचारलं आणि मावशी हो म्हणाल्या. मग साहेबांनी टेबलावर कपड्यांचा ढीग ओतला. मावशींनी सवयीने एक शर्ट उचलला, उलटा केला, बगलेत बोट फिरवलं आणि बाजूला ठेवला. मग दुसरा. मग स्कर्ट. पाण्याचे ग्लास घेऊन आलेला शिपाईही बघत उभा राहिला. थोड्या वेळाने टेबलावर दोन ढीग झाले.

"हा आमचा," लहान ढिगावर हात ठेवून मावशी म्हणाल्या. "आन् हा आमचा नाय. साहेब, कोनीतरी आमच्या नावावर हा कचरा घातलाय. त्याला सोडू नका."

मला पहिला राग आला तो मावशींचाच. एवढा वेळ हात गप्प ठेवता आले नाहीत? पण त्यांनी ते गप्प का ठेवावेत? त्यांच्याजवळ लपवायला काहीच नव्हतं. जे होतं ते माझ्याजवळ होतं.

साहेब माणूस भला होता. माझ्याकडे बघून सावकाश म्हणाले, "कुणा व्यापाऱ्याने तुम्हाला फसवलं असेल, तर तसं लिहून द्या. गट वाचेल."

वाट मोकळी होती, कोरा कागदही पुढे ठेवला होता. पण मावशी माझ्याकडे वळून बसल्या होत्या. आता मी त्या चोराचं नाव सांगणार, अशी त्यांची खात्री होती. मला फार लाज वाटली, इतकी की साहेबांची भीती उरली नाही.

"फसवलं नाही," मी म्हणाले. "मीच त्याला काम दिलं. गटात कुणालाच माहीत नव्हतं."

परत येताना मावशी माझ्याशेजारची जागा सोडून पुढे जीपवाल्याजवळ बसल्या.

महिनाभराने आदेश आला. काम रद्द, अनामत जप्त, तीन वर्षं गट काळ्या यादीत. मी कबूल केलं म्हणून प्रकरण पोलिसांत गेलं नाही. पण शिक्षा गटाला होती, म्हणजे ज्या तेरा जणींनी काहीच केलं नव्हतं त्यांनाही. व्यापाऱ्यावरही बंदी आली, आणि त्याने लगेच दुसऱ्या नावाने दुकान थाटल्याचं अच्छाडला कानावर आलं. तुम्हीही गटाचं नाव बदला, असं सांगणारे शहाणे आमच्याकडेही आले. मावशींनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

आदेश घेऊन मी मावशींच्या ओट्यावर गेले.

"वाच," त्या म्हणाल्या.

मी एकही ओळ न गाळता वाचला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या हातातून कागद घेतला आणि आत सुनेला हाक मारली. सून चौथीपर्यंत शिकलेली. ती पदराला हात पुसत आली, उंबऱ्यात टेकली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत तोच कागद पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली. एक ओळ संपली की मावशी मला विचारायच्या, "हेच वाचलास ना तू?" मी हो म्हणायची. आणि त्या सुनेकडे बघायच्या, ती मान डोलवेपर्यंत.