चिंचेखालची जन्मतारीख

जुनी शटलं कुणाला टाकवत नाहीत. पिसं झडलेली असतात, तरी कुणीतरी ती डब्यात ठेवतंच. किश्श्यांचंही तसंच. केजला आम्ही दहा-बारा जण रोज सकाळी बॅडमिंटन खेळतो, आणि खेळतो त्यापेक्षा बाकावर बसून बोलतो जास्त. इतक्या वर्षांत डबा गच्च भरलाय! बहुतेक किस्से हसायचे आहेत. पण हल्ली सांगायला बसलो की सगळे एकाच पोरीपाशी येऊन थांबतात. त्यातला एक तर सांगायचंही माझ्या जिवावर येतं.

* * *

आमचं कोर्ट म्हणजे सरकीचं जुनं गोदाम. पत्रे खाली, त्याखाली पत्र्यांना आधार देणारी लोखंडी कैची. शटल कैचीला लागलं की पॉइंट पुन्हा, हा आमचा नियम. त्यामुळे केजच्या माणसाला उंच मारताच येत नाही! सगळा खेळ छातीएवढ्या उंचीवर, सपाट आणि जोरात.

कोमल इथंच शिकली. नांदूरघाटच्या बिरूआबाची पोरगी. आबा मेंढपाळ. मी त्यांच्या वस्तीवरच्या शाळेत मास्तर होतो, तेव्हापासूनची ओळख. ती पाचवीला केजच्या हायस्कुलात आली, मी तिला एक दिवस गोदामात आणलं, आणि दोन वर्षांत आम्ही सगळे तिच्याकडून हरायला लागलो.

पहिल्यांदा तिला मोठ्या शहरातल्या इनडोअर हॉलमध्ये नेलं, तर वॉर्म-अप सोडून ती मान वर करून बघतच राहिली.

"काय गं, काय झालं?"

"सर, हितं वर लई रिकामं हाय!"

त्या दिवशी ती पहिल्याच फेरीत हरली. परत आल्यावर तिनं गोदामाबाहेरच्या मोकळ्या मैदानात उंच मारायची प्रॅक्टिस सुरू केली. वारा असला की शटल थेट रस्त्यावर. शेअर जीपवाले सवयीनं थांबून परत फेकायचे.

* * *

रॅकेटचं गटिंग करायला केजात कोण असणार? आमच्यातच एक रशीदभाई, मोटार रिवायंडिंगचं दुकान. एकदा मी विचारलं, "रशीदभाई, तार ताणून बसवता येईल का?"

रॅकेट उलटीपालटी करून म्हणाले, "कितने एचपी की है?"

हसून हसून पुरेवाट! पण माणसानं आठ दिवसांत जुगाड करून मशीन उभं केलं. कोमलची रॅकेट ते स्वतःच्या हातानं बांधायचे आणि नखानं तार वाजवून बघायचे. आवाज पसंत पडला नाही की सगळी कापून पुन्हा.

"पाच एचपी जल गई तो एक खेत सूखता सर," ते म्हणायचे, "ये जल गई तो पूरा केज."

* * *

राज्य स्पर्धेला बिरूआबाही आले होते. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, व्हीआयपींच्या खुर्चीत! मॅच एकोणीस वर्षांखालची, समोर पहिलं सीडिंग असलेली मुलगी. कोमल पहिला गेम हरली, दुसऱ्यात मागं पडली, पाय जड झाले.

आणि एकदम वरून मेंढरं वळवायची हाळी आली, "हुर्र्र... हाऽऽ!"

दोन्ही पोरी जागच्या जागी थिजल्या. अंपायरनं शिटी नाही म्हणून नुसतेच हात हलवले. एक साहेब पळत वर आले. "काका, प्रेक्षकांतून कोचिंग चालत नाही."

"म्या कुठं कोचिंग केलं सायेब? घरी बी तिला आसंच बोलवतो!"

कोमल खाली फिस्सकन हसली. आणि हसली ती सुटलीच. दुसरा गेम घेतला, तिसरा घेतला, मॅच काढली.

* * *

त्याच संध्याकाळी राज्याच्या टीमचे एक कोच आम्हाला शोधत आले. "मुलीचं वय काय?"

मी काही बोलायच्या आत आबा म्हणाले, "संक्रांतीनंतर तिसऱ्या दिशी झाली. आमी कडा गावाकडं मेंढरं घिऊन गेलतो. चिंचेखाली. पुढल्या संक्रांतीला सोळा पुरी व्हत्यात."

कोचनी बोटांवर हिशोब केला आणि त्यांचा चेहराच बदलला. "अहो, मग पुढच्या वर्षी ही सतरा वर्षांखाली बसते! एक जानेवारीनंतरचा जन्म लागतो, सोळा दिवसांनी का होईना, बसते! आशियाई स्पर्धेची टीम निवडायचीय. ही पोरगी शंभर टक्के जाईल. जन्माचा दाखला घेऊन या."

आबांना आशिया म्हणजे नक्की किती लांब ते कळलं नाही. ते मला म्हणाले, "गुरुजी, तिकडं बी एस्टी जाती का?"

सगळे हसले. मी हसलो नाही.

* * *

आता तो किस्सा. सांगूनच टाकतो.

आमच्या मराठवाड्यात निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला असतो. बाळंतपण घरी, नाहीतर रानात. तारीख कुणाला ठाऊक? शाळेत नाव घालताना मास्तर विचारणार, आई-बाप एकमेकांकडं बघणार, आणि मास्तर एक जून टाकून मोकळे! शाळा जूनमध्ये सुरू, म्हणजे वय बरोबर पूर्ण.

कोमलला घेऊन आबा शाळेत आले तेव्हा तिला पाच वर्षं आणि पाच महिने झाले होते. पहिलीला सहा पूर्ण लागायची. आबा म्हणाले, "गुरुजी, लिवून घ्या. औंदा न्हाई बसली तर पोरगी मेंढरामागं जाईल." ते खरंच होतं. पण दुसरंही खरं होतं. शाळेचा पट कमी होता, एक नाव कमी पडलं असतं तर आमच्यापैकी एका मास्तराची बदली होती. त्यात मी ज्युनिअर.

आबांनी चिंच, संक्रांत, सगळं नीट सांगितलं होतं. मी ऐकलं, मान हलवली आणि तिच्या जन्माच्या आदल्या वर्षीची एक जून टाकली. एका मिनिटाचं काम. खाली सही माझी.

त्याच तारखेवर तिचं आधार, त्यावरच दहावीचा दाखला. आशियाई स्पर्धेसाठी ती खऱ्या तारखेनं सोळा दिवसांनी आत होती. माझ्या तारखेनं सात महिन्यांनी बाहेर.

* * *

दोन महिने मी कचेऱ्या झिजवल्या. ग्रामसेवक म्हणाले, जन्माची नोंदच नाही. तहसीलला म्हणाले, पुरावा आणा. मी म्हणालो, "पुरावा मीच! ती तारीख मी खोटी लिहिलीय, लेखी देतो."

तिथल्या क्लार्कनं चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडं नीट पाहिलं. "गुरुजी, तवा खोटं लिवलं का आता खोटं बोलताय? पोरीचा फायदा तर दोन्ही बारीला हाय!"

मागच्या रांगेतले लोक खो-खो हसले. चिडावं असं तो काही बोलला नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं.

निवडीची मुदत संपली. कोमलला सांगायला मी नांदूरघाटला गेलो. ती वाघर गुंडाळत होती, मेंढरांभोवती लावतात ते जाळं. मी सगळं सांगितलं, सहीसकट. मला वाटलं होतं रडेल, भांडेल, मला चार शब्द बोलेल. ती म्हणाली, "सर, तुमी जेवून जावा. माय भाकरी टाकायलीय." आणि पुन्हा वाघर गुंडाळायला लागली. मी हात धुऊन भाकरीला बसलो.

* * *

स्पर्धा मोबाइलवर लाइव्ह दिसत होती. रशीदभाईंनी गोदामात फोन सरकीच्या पोत्यावर टेकवून ठेवला. कोमलनं राज्य स्पर्धेत हरवलेली मुलगी खेळत होती, ती वयानं बसली होती. फक्त कोमल बोलत होती, हळू, स्वतःशीच.

"बॅकहँडला टाक... तिकडं मोकळं हाय... टाक ना."

ती मुलगी तिकडं टाकायची नाही. शेवटचा पॉइंट गेला तेव्हा कोमलनं फोन उचलून रशीदभाईंच्या हातात दिला आणि नेट बांधायला गेली.

रशीदभाई मला म्हणाले, "सर, वो मॅच अपनी थी." मी नेटचं दुसरं टोक धरायला गेलो.

* * *

आता कोमल कॉलेज करून सकाळी गोदामात लहान पोरांना शिकवते. माझे गुडघे गेलेत, म्हणून नावं लिहायचं काम माझ्याकडं.

परवा नांदूरघाटची एक बाई पाच-सहा वर्षांच्या पोरीला घेऊन आली. ऊसतोडीला जाणारं कुटुंब. पोरगी अशी चपळ, की आई बोलतेय तोवर तिनं नेटखालून तीन चकरा मारल्या! मी नाव लिहिलं, गाव लिहिलं आणि विचारलं, "जन्मतारीख?"

"दाखला न्हाई गुरुजी. फडावरच झाली. ज्या दिशी कारखान्याचा पट्टा पडला, त्याच सकाळी."

पट्टा पडला, म्हणजे त्या सालचं गाळप संपलं. बाई ओशाळून हसली. "टाका की तुमीच एखादी."

कोमल तिकडून आली. "मावशी, कारखाना कुठला?"

"कड्याचा."

तिनं तिथंच उभ्या उभ्या कारखान्यात फोन लावला. पहिल्यानं दुसऱ्याकडं दिला, दुसऱ्यानं तिसऱ्याकडं. तिसरा म्हणाला, जुनं रजिस्टर काढावं लागंल, थांबा. ती थांबली. कोर्टावर पोरांनी गोंधळ घातला, ती थांबली. दहा मिनिटं झाली. रकाना रिकामाच होता. मी सवयीनं पेनचं टोपण काढलं आणि निब कागदावर टेकवली.

कोमलनं फोन तसाच कानाशी धरून दुसऱ्या हातानं माझ्या बोटांतला पेन काढून घेतला.

"सर," ती म्हणाली, "तुमी चहा घ्या."