वीतभराला दोन बोटं कमी

कुत्रीचं वजन करायचं तर आधी स्वतःचं वजन मान्य करावं लागतं. तिला एकटीला काट्यावर उभं केलं की ती काटा हुंगून खाली उतरते. म्हणून मी तिला उचलून चढायची, आकडा वाचायची, मग तिला खाली ठेवून पुन्हा चढायची आणि वजाबाकी करायची. उपकेंद्रातला हा काटा खरं तर गरोदर बायांसाठी. गावातल्या झाडून सगळ्या बायांना मी त्यावर उभं करून 'खात जा जरा' म्हणून दटावलेलं. जुलैतल्या एका रविवारी वजाबाकी अठरा आली, तेव्हा मी ती तीनदा करून पाहिली. एप्रिलमध्ये ऑपरेशनच्या दिवशी कुत्री चौदा किलोची होती.

सिंदेवाहीच्या पुढं, जंगलाला लागून असलेल्या या गावात मी अकरा वर्षं आरोग्यसेविका आहे. उपकेंद्र आणि माझं क्वार्टर एकाच आवारात, समोर एक सामाईक व्हरांडा आणि त्याला लोखंडी गजांचं ग्रिल. त्या ग्रिलचा एक गज कोणी कधी वाकवला देव जाणे, पण तिथं फट होती. वीतभराला दोन बोटं कमी. कुत्री पिल्लू असल्यापासून त्याच फटीतून ये-जा करायची. मी दिवसभर गावोगाव लसीकरणाला जायची, ग्रिलला कुलूप असायचं आणि ही आपली मर्जीनं आत, मर्जीनं बाहेर.

त्या फटीवर तिचा जीव अवलंबून होता, हे मी उगाच म्हणत नाही. उन्हाळ्यापासून आमच्या आळीत बिबट येत होता. तीन कुत्री गेली. त्यातली दोन दावणीला बांधलेली होती, ती तर त्याला ताटात वाढल्यासारखी मिळाली. वनरक्षक येऊन पंजाचे ठसे पाहून गेला, संध्याकाळी बाहेर फिरू नका म्हणाला, आणि स्वतः मोटारसायकलवर उजेडातच निघून गेला. कुत्रीला कोंडून ठेवून पाहिलं, तर तिनं दार खरवडून पंजे रक्ताळून घेतले. फट मोठी करावी तर बिबटही आत येणार. म्हणजे फट तेवढीच राहायला हवी होती आणि कुत्रीही तेवढीच.

अठरा किलो भरल्याच्या तिसऱ्या दिवशी ती त्या फटीत अडकली.

मी दुपारी परत आले तर अर्धी आत, अर्धी बाहेर. ओरडतही नव्हती, नुसती धापा टाकत होती. मी कुलूप काढून आत गेले, तिच्या पोटाला साबणाचं पाणी लावलं, पुढून ओढलं, मागून ढकललं. सुटली तेव्हा दोन्ही कुशींचे केस निघालेले होते. मला रडू आलं आणि रडू आलं की मला राग येतो. मी तिलाच दोन शिव्या हासडल्या. भरदुपार होती म्हणून ठीक, संध्याकाळ असती तर मला तिथं काय सापडलं असतं, हा विचार डोक्यातून जाईना.

चंद्रपूरच्या ज्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं त्यांनी मला आधीच बजावलं होतं. गर्भपिशवी काढली की शरीराची गरज कमी होते, भूक मात्र वाढते, तेव्हा खाणं पावपट कमी करा आणि दर आठवड्याला वजन बघा. मी ते इमानेइतबारे करत होते. भात अर्धी वाटी, दुधीभोपळा एक वाटी, एक उकडलेलं अंडं, बस. पोळी बंद, बिस्किट बंद. एवढ्यावर चार किलो वाढतात कसे? मी फोन केला, तर डॉक्टर म्हणाले, बाई, हवा खाऊन कुत्री जाड होत नाही, कोणीतरी घालतंय.

मी एक दिवस रजा टाकली आणि तिच्या मागं निघाले. बाईसाहेब सकाळी आठला घरून निघाल्या आणि आळीतल्या एकेका दारात, ठरलेल्या वेळेला, पाहुणीसारख्या बसत गेल्या. पहिल्या घरी गूळ-भात आणि वर तूप. दुसऱ्या घरी अळिवाची खीर, तीही थंड करून. पुढं एका घरी जवसाचा लाडू हातानं फोडून. माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. हा सगळा बाळंतिणीचा खुराक. आमच्या भागात बाई बाळंत झाली किंवा तिचं ऑपरेशन झालं की तिला हेच घालायचं, अंगात ताकद यायला. आळीतल्या बहुतेक बायांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं, त्यातल्या पुष्कळांना शिबिराला मीच घेऊन गेलेली. कुत्रीचंही ऑपरेशन झालं हे त्यांना कळलं तेव्हा, नर्सबाईनं कुत्रीलेही सोडलं नाई, म्हणून त्या हसल्या होत्या. त्या हसण्याच्या मागं हा स्वयंपाक चालू होता हे मला तीन महिने कळलं नाही.

शेवटचं घर माझ्या शेजारणीचं. तळ्यावर मासे धरणारं घर, ती माझ्याच वयाची. ती ओट्यावर बसून माशातले काटे काढून भातात कालवत होती आणि कुत्री तिच्या गुडघ्याला टेकून वाट पाहत होती. मी तिथंच तोंड सोडलं. कुत्रीचा जीव घेताय तुम्ही, मी म्हणाले, मुकं जनावर आहे म्हणून काहीही कोंबायचं का, कोणी सांगितलं हे तुम्हाला? बरंच बोलले. आळीतल्या बाया दारादारांत येऊन उभ्या राहिल्या.

शेजारणीनं हात थांबवला नाही. काटे काढता काढताच म्हणाली, "तुमीच मले शिबिरात नेलं होतं ना, नर्सबाई? पंधरा दिवस आराम करजो म्हनलं होतं. चवथ्या दिवशी मी धानाच्या रोवन्यात उभी होतो, गुडघाभर चिखलात. मले कोनं खीर नाई देल्ली."

मग तिनं भाताचा घास कुत्रीपुढं ठेवला. "हिले तरी खाऊ द्या," म्हणाली.

मला अतिशय राग आला. त्या वर्षी मी नवीनच होते. तिच्या घरी मी भेट दिली होती, रजिस्टरात 'प्रकृती बरी, विश्रांतीचा सल्ला दिला' असं लिहिलं होतं. सही माझीच. तेव्हा ती घरात नव्हती, शेतात होती, हेही मला आठवलं. सासूला सांगून मी पुढच्या घरी गेले होते. पण त्या घडीला मी हे काही कबूल केलं नाही. तुमची गोष्ट वेगळी, हिची वेगळी, असं काहीतरी पुटपुटले आणि कुत्रीला काखेत मारून घरी आले. अठरा किलो, दम लागला.

दोन दिवस मी आळीत फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी बिबटानं आळीच्या टोकावरून एक शेळी नेली, सूर्य मावळला नव्हता तेव्हा. मग मी अहंकार गुंडाळून ठेवला आणि सगळ्या बायांना व्हरांड्यात बोलावलं. भाषण दिलं नाही. कुत्रीला ग्रिलबाहेर ठेवलं आणि आतून हाक मारली. ती आली, खांद्यापर्यंत शिरली आणि पोटाशी अडली. मागं सरून पुन्हा डोकं घातलं, पुन्हा अडली. मी म्हणाले, तुमच्या मायेपायी ही मरून जाईल. तिला ताकद नको, तिला ही फट पार करता आली पाहिजे. शेजारीण पुढं आली, तिनं गजांमध्ये आपली वीत धरून पाहिली, मग कुत्रीच्या पोटावर धरून पाहिली.

त्या दिवसापासून आळीनं खुराक बंद केला. निदान तसं सगळ्या म्हणाल्या. दारात आली तर काकडीचा तुकडा द्यायचा, नाहीतर दुधीची फोड, एवढी मुभा मी ठेवली, कारण दारात आलेल्याला रिकामं पाठवणं या बायांना जमत नाही हे मला ठाऊक आहे. तरी पहिल्या रविवारी वजन अठराच. दुसऱ्या रविवारी पण अठरा. मी प्रत्येकीच्या तोंडाकडं संशयानं पाहायची. कुत्रीचं तोंड हुंगायची, तूप, गूळ, काय लागतं का ते. एक बाई रागावली, आमी का चोर हावो काय म्हणाली. पुढं कबूल केलं तिनं की तीच सकाळी लाडवाचा चुरा घालत होती. कुत्री भुकेनं माझ्याकडं अशी बघायची की मला जेवण जाईना. मी ताट घेऊन आतल्या खोलीत जायची आणि दार लावून जेवायची. रोज सकाळी तिला तळ्याच्या पाळीवरून फिरवून आणायची, हातात काठी, दर दहा पावलांवर मागं वळून बघायची.

ऑगस्टच्या शेवटी साडेसतरा. सप्टेंबर संपता संपता साडेसोळा, आणि फटीत अजून पोट घासत होतं. डॉक्टर म्हणाले, घाई करू नका, उपाशी ठेवू नका, असंच उतरू द्या. त्यांना चंद्रपुरात बसून सांगायला काय जातं? इथं बिबट तेवढा थांबणार नव्हता. दिवाळीच्या आसपास काटा पंधरावर आला आणि कुत्री फटीतून जाताना फक्त श्वास आत घ्यायची.

नोव्हेंबरमधली संध्याकाळ. धान कापणीला आलेलं. शेजारीण व्हरांड्यात माझ्याकडून रक्तदाब तपासून घेत होती, ग्रिल लावलेलं होतं. कुत्री बाहेर नळापाशी. मोहाच्या झाडावरची वानरं एकदम खोकल्यासारखी ओरडली आणि मी मान वर करेपर्यंत कुत्री सुसाट येत होती. तिच्या मागं तो. इतका जवळ की मला त्याच्या तोंडापेक्षा त्याचे पुढचे पाय आठवतात.

कुत्रीनं फटीत उडी घेतली. खांदे आले, पोट आलं आणि मागचं अंग क्षणभर अडलं. मी तशीच बसलेली, हातात यंत्राचा फुगा. शेजारणीनं झेप घेतली, कुत्रीचे पुढचे दोन्ही पाय धरले आणि सगळा जोर लावून ओढलं. कुत्री आत आली आणि त्याच वेळी बिबट गजांवर आदळला. सगळं ग्रिल हाललं. तो उभा राहिला, आमच्याकडं बघितलं, गजाला नाक लावलं. मग वळला आणि नळाच्या मागून, काही घाई नसल्यासारखा निघून गेला. कुत्रीच्या शेपटीजवळ कातडं सोललं होतं, बाकी ती धड होती.

मी रडत तिच्या अंगावरून हात फिरवत बसले. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की शेजारीण अजून उठलेली नाही. ती भिंतीला टेकून, दोन्ही हातांनी ओटीपोट दाबून, डोळे मिटून बसली होती. कुठं लागलं का, मी विचारलं. ती म्हणाली, काई नाई, जोर लागला का दुखते, थोड्यानं थांबते.

"कधीपासून?" मी विचारलं.

तिनं डोळे उघडले. "शिबिरातून आली तवापासून," म्हणाली.

दर महिन्याला ती माझ्या समोर बसत होती. मी तिचा रक्तदाब घेतला, वजन घेतलं, लोहाच्या गोळ्या दिल्या. हे काऊन सांगितलं नाही, असं मी तिच्याच बोलीत विचारलं. ती म्हणाली, तुमी कधी पुसलं नाई.

उद्या सकाळी चंद्रपूरला जायचं, मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं, मी म्हणाले. ती म्हणाली, कापणी झाल्यावर येतो. मी नाही म्हणाले. सकाळी पहिल्या बसच्या वेळेला मी तिच्या दारात उभी होते आणि तिच्या सासूला सांगितलं की आज कापणीला तुमच्या सुनेच्या जागी दुसरं माणूस बघा.